गावडेकाकांचा कान

पॅनेल तपासायला घेतलं की गावडेकाका आमच्या शेडमधले पंखेसुद्धा बंद करायला लावत. डोळे मिटून, छोट्या पितळी हातोडीने ठोके देत ते बोटाबोटाने पुढे सरकायचे. कोणी मध्ये बोललं तर डोळे न उघडता म्हणायचे, "गप ऱ्हवा रे! ता काय बोलता ता आयकू दे माका."

मुलुंडमधला आमचा लहानसा कारखाना शिकाऊ वैमानिकांच्या विमानांसाठी कार्बन फायबरची पॅनेलं बनवतो. ही पॅनेलं कापडासारख्या थरांची. वरून जड पाना पडला तरी कधी ओरखडाही दिसत नाही, आत मात्र थर सुटलेले असतात. चांगल्या जागी ठोका 'टक्' वाजतो, सुटलेल्या जागी 'थप्प'. तो फरक काकांच्या कानावर सोपवलेला होता. मालवणहून आलेल्या या माणसाची तीस वर्षं त्याच शेडमध्ये गेली होती.

मला घेतलं ते हेच काम सेन्सरवर आणण्यासाठी. पॅनेलवर आठ सेन्सर लावायचे. काही आदळलं की त्याची लहर प्रत्येक सेन्सरपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोचते. त्या फरकावरून आघाताची जागा गणिताने काढायची. काका राग धरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सेन्सर स्वतः चिकटवून दिले. माझी उत्तरं मात्र हातभर चुकत होती. दोन दिवस बघून ते म्हणाले, "मॅडम, धागे खंयच्या दिशेक गेलेत ता बघितल्यात काय? आवाज धाग्यावरसून जोरात पळता, आडवो हळू." मी सगळीकडे एकच वेग धरला होता. तो दिशेप्रमाणे बदलला आणि उत्तर जागेवर आलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मॅडमची 'गो' झाले, मालवणात घरच्या मुलीला हाक मारतात तशी.

पुढे एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत सेन्सरांनी एक आघात नोंदवला, डाव्या कोपऱ्याजवळ. आपल्या हातून काही पडल्याचं कोणीच कबूल करेना. काकांनी ठोकून पाहिलं. "काय नाय गो, साफ आसा."

मी हिशेब तीनदा तपासला. जागा तीच येत होती. काकांना खोटं पाडायची हिंमत नव्हती, पण गप्पही बसवेना. मालकांना सांगून पॅनेल बाहेरच्या प्रयोगशाळेत अल्ट्रासाउंडसाठी पाठवलं. पॅनेल अहवालासह परत आलं. अहवालातल्या चित्रात त्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग होता. थर सुटले होते.

तो कागद मी आधी काकांना, एकट्यांना दाखवला. त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. "तू ठोक." मी ठोकलं. माझ्यासारख्या नवखीलाही कळलं, इथे टक्, तिथे थप्प.

"फरक कळता तुका?"

"हो, काका."

त्यांनी हातोडी परत घेऊन दोन्ही जागी ठोकून पाहिलं. "माका दोनय एकच वाटतत," ते म्हणाले. "माका आयकाक येना नाय गो."

कागद त्यांनी स्वतःकडे ठेवला आणि जेवणानंतर तो घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले. मलाही बोलावलं. वर्षभरात आपण पास केलेलं प्रत्येक पॅनेल परत तपासा, असं त्यांनी सांगितलं. मालक म्हणाले, "गावडे, एक चूक झाली. एवढं कशाला? कोणाला कळणार आहे?"

"माका कळला ना, साहेब."

पॅनेलं परत मागवली. दोन खराब निघाली. त्यांतलं एक रोज उडणाऱ्या विमानाच्या पंखात बसवलेलं होतं. ते विमान त्याच दिवशी उभं केलं गेलं. महिनाअखेर काकांनी नोकरी सोडली. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही.

गेल्या वर्षी ते इस्पितळात असल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले. कानात यंत्र होतं, तरी काकी माझं बोलणं त्यांच्या कानाशी पुन्हा सांगत होत्या. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही स्वतःहून गेलात, म्हणून एक जीव वाचला असेल."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "घरात टीव्ही आयकाक येय नाय होतो वर्षभर. ही रोज सांगी, डॉक्टराक दाखवा. मी म्हणी, घरातला नाय आयकला तरी चालता, कामावरचा येता." मग म्हणाले, "आणि तो कागद तू दिलंस ना, तो घेऊन मी अर्धो तास संडासात बसलंय. फाडूचो की नाय, ह्योच इचार करी होतंय."

मी खुर्ची खाटेच्या आणखी जवळ ओढली.

"परत कोणाची अशी चूक गावली," माझं मनगट धरून ते म्हणाले, "तर त्याच्या हातात कागद देव नको. माझ्यासारख्याच्या तर नायच. सरळ साहेबाक दी."

आठवड्याभराने ते गेले. आता अहवाल आला की मी तो आधी मालकांच्या टेबलावर ठेवते, आणि मगच ज्याचं काम असेल त्याच्याकडे जाते. तिथपर्यंतची चार पावलं फार जड जातात.