सरांचा सोळावा तुकडा

रविवार, ११ जानेवारी, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. अन्यायाची वेळ मी घड्याळात पाहून टिपून ठेवली आहे. त्या क्षणी आदरणीय तायडे सरांनी अमरावतीच्या आपल्या घरी सुरी खाली ठेवली आणि रविवारचा गणितवर्ग कायमचा बंद झाल्याचं पंधरा मुलींना सांगितलं. पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात सरांचा गौरव मी करणारच आहे. पण तक्रार आधी.

सरांशी माझी ओळखही सुरीनंच झाली. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले तेव्हाची गोष्ट. नव्या माणसानं खाऊ आणायचा, ही तिथल्या शिक्षकांची रीत. मी घरी केलेला गोल केक नेला. आम्ही अकराजण. मी सुरी उचलली, तोच मागून आवाज आला, “मॅडम, किती काप मारता?”

“सहा. बारा तुकडे होतील.”

“चारात अकरा होतेत.”

मला वाटलं, थट्टा. सरांनी चार सरळ काप मारले आणि खरोखर अकरा तुकडे झाले! पण एक तळहाताएवढा, एक नखाएवढा. कॉन्व्हेंटच्या शिस्तीत वाढलेली मी भडकले. “हे काय वाटप झालं?”

“तुमाले अकरा पायजे का सारखे पायजे? हे दोन येगळे प्रश्न हायेत, मॅडम.”

कापणाऱ्यानं शेवटी घ्यायचं, हीही तिथलीच रीत. सरांच्या वाट्याला तो नखाएवढा तुकडा आला. पुढे सर निवृत्त होईपर्यंत मी पाहत आले, सुरी सरांची आणि नखाएवढा तुकडाही सरांचाच. त्यांच्या नीतीचा मला दुसरा दाखला लागत नाही.

सिस्टरांनी मला लहानपणीच गणितात ढ ठरवलं होतं. सरांनी ते मानलं नाही. एका मधल्या सुट्टीत त्यांनी कागदावर वर्तुळ काढलं आणि माझ्या हाती पट्टी दिली. एक रेघ, दोन तुकडे. दुसरी, चार. तिसरी, सात. चौथी, अकरा. घंटा झाली तरी मी उठेना. आणि मग दिसलं! नवी रेघ प्रत्येक जुन्या रेघेला ओलांडून गेली आणि तीन रेघांनी एकाच बिंदूत गर्दी केली नाही, तर पहिली एक तुकडा वाढवते, दुसरी दोन, तिसरी तीन. म्हणजे पाचवी पाच. सोळा! मी चक्क ओरडले. सरांना हे कधीचं ठाऊक होतं, तरी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, “मॅडमनं शोधलं.” पन्नाशीतल्या बाईला तिची अक्कल परत देणं, याहून मोठा उपकार मला माहीत नाही.

आता त्या रविवारचं. मी मुद्दाम अकोल्याहून वर्गाला गेले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, परातीएवढी भाकरी थापली होती. “भाकर मोडाची असते, कापाची नाई!” असं त्या दर रविवारी ऐकवतात आणि दर रविवारी थापतात. काकू आणि मी वाटणीबाहेर; पंधरा मुली आणि सर, म्हणून पाच काप. सरांचा हात हल्ली थरथरतो. पाचवा काप नेमका दोन जुन्या कापांच्या छेदावरून गेला. तुकडे पंधराच. सर म्हणाले, “आता माह्या हाताचा भरोसा नाई. वर्ग बंद.”

पण मुली हलतील तर ना! एकीनं विचारलं, “सर, तुमचा तुकडा कुठी गेला?” झालं. पंधराजणी खडू घेऊन फरशीवर बसल्या. दहा मिनिटांत एकच गलका उठला: तीन काप एका ठिकाणी भेटले, की त्यांच्यामधला इवलासा त्रिकोण मिटून जातो. तोच सरांचा तुकडा! इतका देखणा धडा सरांच्या स्थिर हातानंही कधी दिला नव्हता. आणि म्हणे वर्ग बंद!

सर, तुमच्याच नियमानं पहिला काप एकच तुकडा वाढवतो आणि पंचाहत्तरावा एकटा पंचाहत्तर. मग ही काय थांबायची वेळ झाली? आम्हाला तुमचा शंभरावा काप पाहायचा आहे, आणि तोही ठणठणीत प्रकृतीत.

हा ग्रंथ हाती पडल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या आत वर्ग पुन्हा सुरू केल्याचं लेखी उत्तर, सहीसह, मिळालं पाहिजे. सुरी मी धरीन. कुठून कापायचं ते तुम्ही बोटानं दाखवा. बोट थरथरलं तरी चालेल. आणि कापणारी मी असल्यानं नखाएवढा तुकडा या वेळी माझा. तुम्ही सगळ्यांआधी घ्यायचं, आणि सगळ्यांत मोठा.