कडब्याच्या खणातली बाळंतीण

आबांनी भिंतीवरच्या आरशामागून एक चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली.

“वाचा बाई. तुमच्याच हातची हाय.”

चिठ्ठी माझ्याच हातची होती. ‘खोली मोठी. खिडक्या चार. फरशी धुण्यासारखी. बाळंतपणाला उत्तम.’ खाली माझी सही. ती मी आश्विनात, ऑक्टोबरच्या उकाड्यात लिहिली होती. आता पौष लागला होता, सकाळचे आठ वाजले होते आणि त्याच उत्तम खोलीत एका दिवसाच्या मुलीचे पाय गार पडत होते.

मी बारामतीच्या दवाखान्यात नर्स आहे. बाळंतपणं करायची आणि आसपासच्या गावांत जाऊन गरोदर बायकांना तपासायचं, हे माझं काम. घरी गेलं की मी आधी खोली बघते. त्यासाठी माझी बारा प्रश्नांची यादी आहे. खिडक्या किती, उजेड कसा, जमीन धुता येते का, पाणी कुठून आणतात, जनावरं किती लांब, वगैरे. प्रत्येकापुढे खूण करायची, शेवटी शेरा लिहायचा आणि त्याची चिठ्ठी घरच्यांना द्यायची. छत्तीस सालापर्यंत मला या यादीचा अभिमान होता.

जळोचीचे आबा गूळ करणारे बागाईतदार. त्यांनी नवं घर बांधलं ते कालव्यावरच्या साहेबाच्या बंगल्यावरून. उंच भिंती, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, माणसाच्या उंचीच्या खिडक्या. लोक ते मुद्दाम बघायला येत. त्यांची सून हौसा पहिलटकरीण होती. रिवाजाप्रमाणे तिचं बाळंतपण माहेरी, इंदापूरकडे व्हायचं. संक्रांत झाली की माहेरचे न्यायला येणार होते. पण आठवा महिना लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला कळा सुरू झाल्या. मी दुपारी पोहोचले, संध्याकाळपर्यंत ती मोकळी झाली. मुलगी. वजन चार पौंडांना कमी.

अशा अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या अंगावर चरबी नसते. स्वतःची ऊब त्याला धरता येत नाही. दूध ओढायला जी ताकद लागते ती थंडीतच खर्च होते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ऊब, मग दूध, मग बाकीचं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा घरच्यांनी त्यांच्या परीने ऊब केली होती. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या आणि खोलीत कोळशाच्या तीन शेगड्या ठेवल्या होत्या. आबांच्या बायको सरूबाई पलंगाजवळ डोकं धरून बसल्या होत्या.

“लई ठनकतंय बाई,” त्या म्हणाल्या. “जागरनानं असंल.”

जागरणाने नव्हतं. जळत्या कोळशातून एक वायू निघतो. त्याला वास नसतो. बंद खोलीत तो साठला की आधी डोकं जड होतं, मग झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. मी तिन्ही शेगड्या उचलून बाहेर ठेवायला लावल्या आणि खिडक्या उघडल्या. हवा स्वच्छ झाली. खोली मात्र ओढ्याकाठासारखी गार झाली. तेव्हा आबांनी ती चिठ्ठी काढली.

“शेगड्या भाईर, खिडक्या उघड्या. मग पोर उबदार ऱ्हायची कशी? आन् तुमी तर हितं ‘उत्तम’ लिवलंय.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “मी उकाड्यात आले होते. थंडीचा प्रश्न माझ्या यादीत नाही.”

“साहेबाच्या बंगल्यात हुबेहूब असंच हाय.”

“साहेब बंगल्यात दोन दिवस राहतो, आबा. आणि कोट घालून राहतो.”

त्यांना ते आवडलं नाही. मी मुलीला कापसात गुंडाळलं, डोक्याला टोपरं घातलं आणि हौसाच्या पोटाशी, घोंगडीच्या आत दिलं. हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण हौसाच स्वतः कुडकुडत होती. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, त्या तासाभरात निवल्या. पत्रा दिवसा तापतो, अंधार पडला की तितक्याच घाईने गार होतो. पहाटे त्याच्या आतल्या अंगाला पाणी धरलं होतं, त्याचे थेंब मच्छरदाणीवर पडलेले मी पाहिले. गरम हवा उंच छताखाली जात होती, माणसं खाली फरशीवर होती. माझ्या पिशवीत खोलीचा थर्मामीटर असतो. तो पंचावन्न अंश फॅरनहाइट दाखवत होता.

पुण्याला न्यायचं तर आधी बैलगाडी, मग बारामतीहून गाडी, दौंडला बदल. त्या प्रवासाच्या थंडीत मुलगी टिकली नसती. जो काही उपाय करायचा तो जळोचीतच.

एवढ्यात खिडकीतून धुरळा आत आला. अंगणापलीकडे आबांचं जुनं घर होतं, मातीच्या सपाट छपराचं, म्हणजे माळवदाचं. माणसं नव्या घरात गेल्यावर तिथे जनावरं बांधत होते. आता तेही पाडायला घेतलं होतं. दोन गडी छपरावर चढून माती खाली लोटत होते. मी त्यांना थांबवायला गेले.

पाच खणांपैकी दोन उघडे झाले होते. खण म्हणजे दोन तुळ्यांमधली जागा. आपल्याकडे घर खणांवर मोजतात. उरलेल्या तिनांपैकी दोनांत गाई आणि बैल होते. तिसऱ्यात कडबा भरला होता. मधे दीड हात जाडीची मातीची भिंत. कडब्याच्या खणाला दार वेगळं, दक्षिणेकडे. मी आत जाऊन सवयीने भिंतीला हात लावला आणि हात तिथेच ठेवला. भिंत कोमट होती. पलीकडे सहा जनावरं रात्रभर उभी होती. वर फूटभर मातीचं छप्पर होतं. तिथे ना शेगडी होती ना धूर. मी थर्मामीटर टांगला आणि गड्यांना हात थांबवायला सांगितलं. पाव तासाने बघितलं. सदुसष्ट.

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा भीती वाटली. जनावरं लांब हवीत, हा माझ्या यादीतला नववा प्रश्न. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. नाळेच्या जखमेतून ते आत गेले तर मूल हातचं जातं. मी अशी मुलं पाहिली आहेत. पण भिंत जाड होती आणि दार वेगळं होतं. धनुर्वात मला अडवता येत होता. नव्या घरातली थंडी अडवता येत नव्हती.

मी आबांना बोलावलं आणि कडब्याचा खण दाखवला.

“गोठ्यात?” ते म्हणाले. “माझी सून गोठ्यात?”

“गोठ्याशेजारी. हे आधी घर होतं.”

“आज सांजपातूर हे छप्पर उतरायचंय. तुळ्या गुऱ्हाळाच्या मांडवाला लागत्यात. परवा गुळव्या येनार. ऊस तोडून पडलाय, वाळतोय.”

गुळव्या म्हणजे काहिलीतला रस आटवून गूळ उतरवणारा कारागीर. तो हंगामाला एकदा ठरतो. थांबवला तर दुसऱ्या गुऱ्हाळावर जातो. आबांचा वर्षाचा गूळ त्याच्या हातात होता.

“आबा, नव्या घराच्या सोप्यात चला. वहाणा काढा आणि एक विडी संपेपर्यंत फरशीवर उभे राहा.”

“ह्ये कशापायी?”

“मग सांगते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहाणा काढल्या, विडी पेटवली. अर्धी विडी झाली आणि ते एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. पाऊण झाली तेव्हा टाचांवर उभे होते. विडी विझवायला लावून मी त्यांना तसंच अनवाणी कडब्याच्या खणात आणलं. ते तिथे उभे राहिले. पाय हलले नाहीत.

दारात सरूबाई येऊन उभ्या होत्या. “माझी पाच बाळंतपनं हितंच झाली,” त्या म्हणाल्या. “तुमी बी हितलंच. कुनाला शेगडी लागली न्हाय.”

“तवा दुसरं घर न्हवतं.”

“मग आता बी न्हाय असं समजा.”

“लोक काय म्हनतील? बंगला बांधला आन् सून कडब्यात घातली?”

“लोकांना मी बंदी करते,” मी म्हणाले. “सव्वा महिना कोणी आत यायचं नाही. दवाखान्याचा हुकूम आहे म्हणून सांगा.”

“आन् तुळ्या?”

“तुळ्यांचं मला कळत नाही, आबा. मुलीचं कळतं. इथे ती जगेल असं मला वाटतं. तिथे जगेल असं वाटत नाही.”

आबा वर तुळ्यांकडे बघत राहिले. मग दाराबाहेर येऊन गड्यांना म्हणाले, “उतरा रं खाली. आन् शिडी लांब न्हेऊन ठेवा, न्हाईतर माझंच मन फिरायचं.”

त्यानंतरचं काम सोपं होतं. यादी करून पार पाडण्यासारखं. कडबा बाहेर काढला आणि उत्तरेच्या भिंतीला बाहेरून छातीइतका रचला, म्हणजे वारा सरळ भिंतीवर येणार नाही. जमिनीचा वरचा थर खरवडून टाकला आणि स्वच्छ पांढरी माती चोपून बसवली. सरूबाई सवयीने शेणाची पाटी घेऊन आल्या, ती मी परत पाठवली. सारवण नुसत्या मातीचं. पलंगाखाली उसाचं वाळलेलं पाचट वीतभर पसरलं, कारण अर्धी थंडी खालून येते. गोठ्याकडे कडबा टाकायचा झरोका विटा-मातीने बुजवला. पलंगाभोवती गोणपाट टांगून खोलीत छोटी खोली केली. जागा जितकी लहान तितकी ती लवकर उबते. माळवदात उजेडासाठी भोक असतं, त्याला सवणं म्हणतात. ते दुपारी पूर्ण उघडायचं, ऊन उतरायच्या आत झाकायचं, पण चार बोटं फट ठेवून. धार काढणाऱ्याने या खणात पाऊल टाकायचं नाही. बाकीच्यांनी आधी साबणाने हात धुवायचे.

विटांची युक्ती मात्र आबांची. गुऱ्हाळ त्यांनी तुळ्यांविना, बांबूवर पाचट टाकून उभं केलं. गुळव्या आल्याबरोबर कुरकुरला, पण राहिला. काहिलीखालचं चुलवाण दिवसभर पेटलेलं असायचं. नव्या घराच्या उरलेल्या विटा आबा चुलवाणाच्या तोंडाशी रचून ठेवत. गरम झालेल्या विटा दोन-दोन पदरी फडक्यात गुंडाळून यायच्या, मी सांगितल्याप्रमाणे त्या मुलीच्या अंगाला न लावता चारी बाजूंना ठेवायच्या आणि निवल्या की बदलायच्या. वीट बाटलीच्या चौपट वेळ ऊब धरते. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी मुलीचे पाय परत गार लागले. थर्मामीटर बासष्टवर आला होता. मी सगळी यादी तपासली. विटा होत्या, गोणपाट होतं, सवणं झाकलेलं होतं. मग बाहेरून फिरून पाहिलं. उत्तरेची भिंत उघडी होती.

“कडबा कुठे गेला?”

सरूबाईंनी बैलांकडे बोट दाखवलं. गुऱ्हाळाचा चरक ओढणारे बैल दुप्पट खात होते. घरच्या माणसांनी समोर दिसला तो कडबा त्यांना घातला होता. मी सव्वा महिन्याची व्यवस्था केली होती आणि ती बैलांनी चार दिवसांत खाल्ली. मग तिथे पाचटाच्या मोळ्या रचल्या. पाचट बैल खात नाही.

आठवड्याने आमच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब तपासणीला आले. दारातच थांबले.

“बाई, हा गोठा आहे.”

“गोठा पलीकडे आहे, साहेब. हे दार बघा, ही भिंत बघा. नाळ कोरडी पडली आहे. वजन दोन औंसांनी वाढलंय.”

“रिपोर्टात मी काय लिहू?”

“‘जुनं घर’ लिहा. जनावरं त्यात नंतर आली.”

साहेबांनी नाळ पाहिली, मुलगी पाहिली, थर्मामीटर पाहिला. नवं घर आतून बघून आले ते कोटाची बटणं लावतच. “जुनं घर,” ते म्हणाले आणि तसंच लिहिलं.

मुलगी वाचली. सव्वा महिन्याने बारसं झालं, नव्या घरात, सगळ्या थाटात. पाहुण्यांनी फरशीचं कौतुक केलं. आबांनी प्रत्येकाला खिडक्या उघडून दाखवल्या. कडब्याच्या खणाबद्दल कोणी बोललं नाही, मीही नाही.

पुढच्या पौषात मी दुसऱ्या कामाने जळोचीत गेले. जुने तीन खण उभे होते. नव्या घराच्या एका खोलीत पत्र्याखाली चुना दिलेलं गोणपाट ताणलं होतं आणि फरशीवर जाड घोंगडी होती. तिथे हौसा आणि मुलगी झोपत. आबांची बाज कडब्याच्या खणात होती.

“गुडघ्यापायी,” ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

माझ्या यादीत आता तेरा प्रश्न आहेत. तेरावा असा: पहाटे भिंतीला हात लावून पाहिला का? पौषात पाहिला नसेल तर शेरा लिहायचा नाही. उन्हाळ्यात ‘उत्तम’ हा शब्द मी आता कोणालाच देत नाही.

निघताना मी आबांकडे माझी जुनी चिठ्ठी मागितली. फाडून टाकावी म्हणून. ती अजून आरशामागे होती. त्यांनी ती काढली, पुसली आणि परत आत सरकवली.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “बाई बी चुकत्यात, ह्ये घरात लिवलेलं असावं.”