मचाणावरची संकष्टी

हॉलंडातल्या आल्मेरेत शिकारीची परीक्षा पास झालेली कोल्हापूरची पहिली बाई मीच. दुसरी कुणी असेल तर तिनं खुशाल पुढे यावं. मी तिला माझ्या हातचा तांबडा-पांढरा वाढीन आणि जेवण झाल्यावर शांतपणे पटवून देईन की ती दुसरीच आहे.

परीक्षा काय साधी होती होय? या देशात बदकांच्या जाती इतक्या, की आमच्या अख्ख्या तालुक्यात तेवढी आडनावं निघायची नाहीत. ती सगळी डचमध्ये पाठ करायची, शिवाय उडत्या चकत्यांवर नेम धरायचा. पहिल्या दिवशी मी चकती सोडून सगळ्यांना घाबरवलं. दोन ढग माघारी गेले, शिकवणाऱ्या बाईंनी चहा अर्धा टाकला. शेवटी मी गणपतीला साकडं घातलं, पास कर, एकवीस संकष्ट्या करते.

"म्हणजे हरणाच्या शिकारीत गणपतीला पार्टनर घेतलंस?" नवरा म्हणाला. तो रॉटरडॅमला कॉम्प्युटरवर काम करतो आणि अंड्याच्या पलीकडे गेलेला नाही.

"त्याला कुठं हरीण खायला सांगतेय? नुसती सही मागतेय," मी म्हटलं.

तर पास झाले. आणि मग कळलं, परीक्षा हा सोपा भाग होता. बंदुकीचा परवाना हवा तर शिकारीची जागा दाखवावी लागते. चाळीस हेक्टर सलग जमीन तरी हवी, नाहीतर ज्याच्याकडे तशी आहे त्याचं पत्र हवं, की ही बाई माझ्या हद्दीत चालेल. माझ्याकडे सलग म्हणावी अशी एकच जागा होती, मागच्या दारची फरशी, आणि तिच्यावरही चार सायकली उभ्या. त्यामुळे सगळं अडलं ते त्या एका पत्रावर.

पत्र देऊ शकणारा माणूस त्याआधीच माझ्या दुकानात येऊन गेला होता. दुकान म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीतलं शिलाई मशीन. या उंच माणसांच्या पँटी कापून कापून मी इतकं कापड साठवलंय की त्यात एक लहानसं गाव गुंडाळता येईल. एक दिवस हे आजोबा चेन तुटलेला हिरवा कोट घेऊन आले. खिशातून सुतळी, शिट्टी आणि काडेपेटी निघाली. काडेपेटीत सुकलेल्या लेंड्या.

"हरणाच्या," मी म्हटलं. "शेळीच्या अशा टोकदार नसतात."

आजोबांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. तेव्हापासून मी त्यांना आबा म्हणते. त्याचा अर्थ 'कप्तान' असा सांगून ठेवलाय, आणि ते खूश आहेत.

आबा निवृत्त पूलवाले. चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल वर-खाली केला. खुद्द राजा होडी घेऊन आला असता तरी वेळेच्या दोन मिनिटं आधी त्यांनी पूल उचलला नसता. दोन जोडीदारांबरोबर त्यांच्याकडे पोल्डरमधली, म्हणजे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीतली, मोठी हद्द आहे. त्यांची अट एकच होती, वर्षभर बंदुकीशिवाय माझ्यामागून फीर, मग पत्राचं बघू.

फिरले. आणि फिरता फिरता माणूस काय शिकतो ते सांगते. आधी वारा. तोंडावर वारा घेऊनच चालायचं, कारण हरीण डोळ्यांनी कमी आणि नाकानं जास्त बघतं. पहिले तीन रविवार आम्हाला हरणाची शेपटीही दिसली नाही. इथल्या छोट्या हरणाला, ज्याला हे लोक 'रे' म्हणतात, त्याला शेपटी जवळजवळ नसतेच, पण मुद्दा तो नाही. चौथ्या रविवारी आबांनी माझा कोट हुंगला. आमच्या घरी कोट अडकवायची खुंटी स्वयंपाकघराला लागून. पाच वर्षांची फोडणी त्या कोटात मुरलेली. हिंगाचा वास पार लायडनपर्यंत जाऊन तिथली हरणंसुद्धा उठून गेली असतील. कोट आठवडाभर बागेतल्या दोरीवर लटकला, आणि पाचव्या रविवारी एक मादी आम्हाला तीस पावलांवर भेटली.

मग माग काढणं. शिंगं घासून सोललेली रोपं कुठल्या उंचीवर आहेत ते बघायचं, गवतातली दबलेली बसायची जागा हातानं चाचपायची, चिखलातला खूर ताजा आहे की पावसात भिजलेला ते ओळखायचं, आणि दिसलेलं सगळं त्याच दिवशी वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहिलं की हरणं वाढतात. माझी तर खासच वाढायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेतकरी. हरणाच्या आधी त्याचा माग काढावा लागतो. आबांची पद्धत अशी, की पत्र पाठवायचं आणि सहा आठवडे वाट बघायची. वनपट्टीच्या कडेला मचाण बांधायचं होतं, पण ती पट्टी जिची, ती गाईवाली बाई तीन वर्षं पत्रांना उत्तर देत नव्हती. मी गेले. फाटक जसं होतं तसं लावलं, बूट बाहेर धुतले, उपडी बादली ओढून बसले आणि माझ्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगितली. ती इतकं दूध द्यायची की पंचगंगेला पूर आला की लोक आधी आमच्या गोठ्यात येऊन विचारायचे. बाई हसून हसून खोऱ्याला टेकली. मचाणाला हो म्हणाली, वर म्हणाली, शिकारीच्या हंगामाचं जेवणही मचाणाशेजारच्या माझ्या शेडमध्येच करा.

ते जेवण ऑक्टोबरातलं. त्या दिवशी आबा आणि दोघे जोडीदार मिळून पत्रावर सही करायची की नाही ते ठरवणार होते. जेवण सहाला. मी पावणेसहाला पोचले आणि फोन वाजला. घरच्या ग्रुपवर सासूबाईंचा मेसेज, 'आज संकष्टी. चंद्रोदय ८.५४.'

कपाळाला हात लावला. सकाळपासून पँटींच्या ढिगाऱ्यात जेवायचंच राहून गेलं होतं. म्हणजे गणपतीनं उपास माझ्याकडून परस्पर करून घेतला होता.

टेबलावर हरणाच्या मटणाचा रस्सा, उकडलेले बटाटे, सफरचंद घातलेला लाल कोबी. मी आबांना बाजूला घेऊन सांगितलं. मांस आज नाही, बटाटे-कोबी चालेल, पण चंद्र उगवल्यावर.

"चंद्र?" आबांनी खिशातून छोटी वही काढली. शिकारी माणूस, त्याच्याकडे सूर्य-चंद्राचं सगळं वेळापत्रक. "आठला दहा कमी."

जोडीदारांचे चेहरे उतरले. पाहुणी टेबलाशी उपाशी बसणार म्हटल्यावर घास कसा उतरायचा? आणि इथंच माझी कोल्हापुरी अक्कल आडवी आली.

"थांबा!" मी फोन पुढे केला. "कोल्हापुरात आठ चोपन्न म्हणजे आपले पाच चोवीस. चंद्र केव्हाच उगवलाय! वाढा!"

मी बटाट्याला काटा लावला. बाकीचे हसले. आबा हसले नाहीत.

"सूर्य मावळल्यावर आपल्याला गोळी झाडायला किती वेळ असतो?" त्यांनी विचारलं.

"एक तास."

"आणि एक तास एक मिनिट झालं असेल, समोर नर उभा असेल, तर तू कुठलं घड्याळ बघशील? इथलं की कोल्हापूरचं?"

वर्षभराची पायपीट, एकवीस संकष्ट्यांचा नवस, सगळं त्या काट्याच्या टोकावर येऊन बसलं. खोटं का सांगू, दोन-तीन चांगली उत्तरं तोंडात तयार होती. ती मी गिळली. त्या दिवसातलं माझं पहिलं अन्न तेच.

"चुकलं, आबा," मी काटा खाली ठेवला. "तुम्ही जेवून घ्या. मी मचाणावर थांबते."

आणि ते जेवले! पाहुणी उपाशी आहे म्हणून आमच्याकडे पन्नास माणसांनी ताटं सरकवली असती. पण सहा म्हणजे सहा. मी मचाणावर, खालून रश्श्याचा वास, आणि माझं पोट असं ओरडत होतं की वनपट्टीतला नर मला प्रतिस्पर्धी समजून दोनदा कुत्र्यासारखा भुंकला.

साडेसातला शिडी करकरली. आबा वर आले, हातात झाकलेली थाळी. शेजारी बसले. आठला दहा कमी झाले. आभाळात ढग, हॉलंडचा ढग, गोधडीसारखा.

आबांनी वही बघितली. "उगवला. खा."

"दिसला कुठं?"

"वेळापत्रकात लिहिलंय."

"आबा, ढगात बघून गोळी झाडायची का? जे डोळ्यांना नीट दिसत नाही त्यावर बंदूक नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"ते हरणाचं! हा चंद्र आहे!"

"चंद्राला काय कमी मान द्यायचा?"

"तुझा बटाटा थंड होतोय, बाई!"

"होऊ दे!"

आमचा आवाज इतका चढला की खालून गाईवाली बाई ओरडली, "अहो, एखाद्या हरणाला ऐकू जायचं राहिलंय का?" आणि आबा हसत सुटले. चाळीस वर्षांचं दाबलेलं हसू असावं ते. मचाण हललं, शिडी हलली, माझ्या मते पोल्डरसुद्धा पाण्यात बोटभर खाली गेला.

साडेआठला ढगाची शिवण उसवली आणि तिथून चंद्र दिसला, एका कडेनं झिजलेला, नारिंगी. त्याच उजेडात वनपट्टीतून एक मादी आणि तिची दोन पिल्लं बाहेर आली, आमचा सगळा तमाशा ऐकूनसुद्धा. मी हात जोडले. आबांनी टोपी काढली. कुणासाठी, चंद्रासाठी की हरणांसाठी, ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पत्र काढलं. जोडीदारांच्या सह्या त्यावर आधीच होत्या. त्यांनी ते गुडघ्यावर ठेवलं, माझ्याकडून टॉर्च धरवून घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर कोरत, सही केली.

"पुढची संकष्टी कधी?" त्यांनी वही उघडत विचारलं. "सांग, लिहून ठेवतो. त्या दिवशी जेवण ठेवायचं नाही."

मी सांगितलं. तोंडात अख्खा बटाटा होता, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.