दोन माणसं, एक बाटली

दैवशाला (नाव बदललंय) शिवणकाम करते, जाफराबादला राहते. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले. आता दर गुरुवारी जालन्याच्या एचआयव्ही उपचार केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाऊन बसते. तिथं समुपदेशक नंदाबाई बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजते. दैवशालाचा हिशोब वर्षभर चोख. तीस दिवस, तीस गोळ्या. आम्ही तिचं उदाहरण इतरांना द्यायचो, इतके आम्ही मूर्ख.

मग वर्षातून एकदा होणारी रक्ताची तपासणी आली. विषाणू हजाराच्या आत हवे, निघाले साडेचौदा हजार. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने काटेकोर गोळ्या, मग पुन्हा तपासू. तेव्हाही असंच आलं तर गोळ्या बदलाव्या लागतील." त्या महागड्या, आणि त्यानंतर हाताशी फार काही उरत नाही.

मी तिला बाजूला घेतलं. "एकही गोळी चुकली नाही?"

"न्हाई बाई. रोज भाकर खाल्ली की एक."

"रोज तूच खातेस?"

 ती सहज म्हणाली, "एक दिवस त्यांची, एक दिवस माझी. घरात एकच भाकर असली तर अर्धी-अर्धी करतोच की."

 तिचा नवरा तातेराव जाफराबाद-भोकरदन जीप चालवतो. तो तपासायला येत नव्हता. "त्या लाइनीत माझे पाशिंजर भेटले तर? गोळी चालती, कागदावर नाव नको," हे त्याचं शहाणपण. गोळ्या मोजायला खर्च येत नाही म्हणून आम्ही त्या मोजत बसलो, आणि त्या बरोबर भरत होत्या. एवढ्या लोकांची दरवर्षी तपासणी परवडते का, असं मला विचारणाऱ्यांना मी आता दैवशालाची गोष्ट सांगते.

"अर्ध्या औषधानं दोघंही जाल," मी म्हणाले. "आजपासून गोळी फक्त तुझी. तातेरावांना इथं आण, त्यांची बाटली वेगळी मिळेल. फुकट." रोज सकाळी आठला गोळी घेतली की तिनं मला मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरलं.

दहा दिवस कॉल आले. अकराव्या दिवशी सव्वाआठ झाले तरी फोन मुका. मीच लावला.

"बाई, त्यांना ताप हाय, रात्रीपासून. गोळी माझ्या हातात हाय." मग हळू आवाजात, "एकच देऊ का? आजच्याला?"

मागून तातेरावाचं खोकणं ऐकू येत होतं.

"नाही," मी म्हणाले. हो म्हणणं फार सोपं होतं. "आधी ती तू गीळ. मी ऐकतेय."

तांब्याचा आवाज आला. मग पाण्याचा घोट.

"आता त्यांना फोन दे. तातेराव, जीप चालवायला कुणी आहे?"

"भाऊ हाय. पण बाई, लोक..."

"लोक तुमच्या मयतीलाही येतील. निघा."

दुपारी तो केंद्रात आला, तोंडाला रुमाल गुंडाळून. बाकावरचा एक म्हातारा सरकला. "बस इथं, तातेराव. जीप कुठं लावलीस? परवा तूच मला भोकरदनला सोडलंस की."

तातेराव म्हणाला, "काका, तुम्ही बी?"

"सहा वर्षं झाली. रुमाल काढ, जीव गुदमरतो."

तपासणीत त्यालाही लागण निघाली. तापाचा इलाज करून मग त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

तीन महिन्यांनी दैवशालाचं रक्त पुन्हा गेलं. निकाल येईपर्यंत मला धड जेवण गेलं नाही. मग नंदाबाईचा फोन: "बाई, दोनशेच्या आत."

त्या गुरुवारी दैवशालानं दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या. एकीवर तांबडा दोरा.

"हा कशाला?"

"ती त्यांची. आधी त्यांना देते, मंग मी घेते," ती म्हणाली. "पण माझ्या बाटलीतली न्हाई देत, बाई. मोजा पाहिजे तर."

नंदाबाईनं मोजल्या. मी मोजल्या नाहीत. तिची पुढच्या तपासणीची तारीख वहीत लिहिली.