इटलीच्या कागदासाठी देवाचा कौल

लग्नपत्रिकांसाठी इटलीहून कागद मागवायचा तर माल बंदराला लागण्याआधी सरकारदरबारी त्याची नोंदणी करावी लागते, असं वास्कोच्या एजंटाने फोनवर सांगितलं आणि माझं कुतूहल चाळवलं. कोऱ्या कागदाची कसली नोंदणी? डिचोलीच्या आमच्या छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी ती सरकारी यादीच उघडून बसले. भिंतीला चिकटवायचा कागद, कार्बन पेपर, लिफाफे, लेबलं, शौचालयातला कागदसुद्धा. प्रत्येकाला आठ आकड्यांचा क्रमांक. नोटांचा कागद तेवढा वगळलेला. उभा जन्म कागदात गेला तरी त्याच्या इतक्या जाती मला ठाऊक नव्हत्या.

आमच्या कागदाचा क्रमांक कोणता, हे तो लेप दिलेला आहे की बिनलेपाचा यावर ठरणार होतं. मी नमुन्याचा कोपरा जिभेला लावला. चिकटला नाही, म्हणजे बिनलेपाचा. एजंट म्हणाला, "मॅडम, तुमच्या जिभेचा दाखला कस्टमवाले घेणार नाहीत. कंपनीकडून लिहून आणा." कंपनीचं पत्र आलं. बिनलेपाचाच होता. तो सगळा दिवस मी नाक वर करून हिंडले.

घोडं अडलं ते पुढे. नोंदणीला आयात-निर्यातीचा कोड लागतो आणि तो मालकाच्या नावावर निघतो. मालक माझे बाबा. मशीन कितीतरी वर्षं मी चालवते, गिऱ्हाइकं माझ्याशी बोलतात, पण सहीची वेळ आली की कागद बाबांपुढे जातो. कोडचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला, तर म्हणाले, "आदी देवाक इचारूक व्हया."

अर्ज टेबलावर पडून राहिला. इटलीची कंपनी शनिवारपर्यंतच माल राखून ठेवणार होती आणि एजंट रोज फोन करून माझं डोकं खात होता. मला राग आला, खोटं कशाला बोलू? बाबांचा माझ्यावर भरवसा नाही, असंच मी धरून चालले.

शेवटी गुरुवारी त्यांना स्कूटरवर मागे बसवून कोरगावला, आमच्या मूळ गावच्या देवळात गेले. तिथे गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाबा आता कागदाचं विचारणार म्हणून मी बाजूला उभी होते. त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "देवा, छापखानो हिच्या नावार करूचो म्हणतंय. करू काय नको?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. इटलीच्या कागदाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं.

पाकळ्या काही पडेनात. आम्ही उभे, गुरव उभा. एरवी मी कौलाला हसणारी. पण त्या दिवशी डाव्या पाकळीवर डोळे वटारून उभी होते. पाय भरून आले, तरी दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. गुरव म्हणाला, "आज काय हलना. आयतारा येवा."

रविवारी यायचं म्हणजे कागद हातचा गेला. पण तेव्हा मला कागदाचं काहीच वाटत नव्हतं. बाबांनी पुन्हा हात जोडले. मग म्हणाले, "देव काय बोलना, म्हणजे त्यान ता माझ्यार सोडल्यान." माझ्याकडे वळले. "छापखानो तुझो, बाये. अर्जार तूच सही कर."

विहीर खणायची तरी कौल घेणारा हा माणूस. मला तिथेच रडू फुटलं. बाबांनी एकदा मूर्तीकडे बघितलं आणि माझं मनगट धरून मला दाराकडे ओढलं.

"मगे रड. आदी बेगीन भायर चल," ते हळूच म्हणाले, "नायतर डावी पडात."