अप्पांची गाठ आणि माझी लाल ट्रॅकपँट

माझ्या लग्नाच्या व्हिडिओत पहिला तासभर मी लाल ट्रॅकपँटमध्ये आहे.

दोष ट्रॅकपँटचा नाही. दोष म्हटला तर अप्पांच्या दोरीचा. माझे वडील, म्हणजे अप्पा, फौजेतून सुभेदार होऊन जनवाड्याला परतले ते एक काळी लोखंडी ट्रंक, एक हिरवी दोरी आणि एक गाठ घेऊन. कुलपावर त्यांचा विश्वास नव्हता. "कुलूप कुनीबी तोडतंय. ही गाठ सोडून दाखव म्हनावं!" असं म्हणायचे. ज्याच्यावर जीव, त्याचं सामान ते स्वतः बांधायचे. मायची औषधं, ताईचं बाळंतपणाचं गाठोडं, माझा शाळेचा डबा, सगळ्यांना तीच गाठ! (माझा डबा गुरुजी दातांनी उघडायचे. पुढं गुरुजींचा दात पडला आणि मी जेवायला घरी यायला लागलो.)

तर लग्न. मुलगी कलबुर्गीची. वऱ्हाडाची बस निघायच्या आधी अप्पांनी फर्मान काढलं, "नवरदेवाचे कपडे, मुंडावळ्या, मंगळसूत्र, समदं ट्रंकेत! प्रवासात चुरगळतंय."

"मंगळसूत्र कसं चुरगळंल, अप्पा?"

"फौजेत कोन होतं? तू का मी?"

मी कपडे आणून दिले. गर्दीत चोरी होते म्हणून त्यांनी स्वतःचा मोबाइलही आत टाकला, दोरी आवळली आणि गाठ मारली. मी ट्रॅकपँट घालून बसमध्ये बसलो.

हुमनाबादला बस चहासाठी थांबली. मायला गाडी लागली होती. "तू बस हितंच, लिंबू-सोडा आनतो," म्हणून अप्पा उतरले आणि धाब्यावरच्या गर्दीत दिसेनासे झाले. माय खिडकीला डोकं टेकून डुलकी घ्यायला लागली. थोड्या वेळानं क्लीनर दारातून ओरडला, "समदे आले का?"

नवरदेव असल्यामुळे उत्तर देणं मला माझं कर्तव्य वाटलं. मी काचेत बघून भांग पाडत होतो. मागं न बघताच म्हणालो, "आले, आले! सोड गाडी!"

कलबुर्गी जवळ आली तेव्हा मायला जाग आली. "ह्ये कुठायत?"

पुढच्यांना वाटलं मागं असतील, मागच्यांना वाटलं पुढं असतील. "आरं बघायलास काय, फोन लाव!" ताई ओरडली. मी फोन लावला. ट्रंक वाजायला लागली!

मांडवाच्या दारात सासऱ्यांनी मला हार घातला. त्यांची नजर हळूहळू खाली गेली आणि तिथंच थांबली.

"जावईबापू, कपडे?"

"ट्रंकेत."

"मग काढा की!"

मेहुण्यानं नखं मोडून घेतली. काकांनी आचाऱ्याची सांडशी आणली. "ह्ये टोक वढ!" "आरं, ह्यानं तर आजून आवळायलीय!" बघता बघता ट्रंकेपुढं रांग लागली. स्टेजवर नवरीजवळ कोणी नव्हतं, सगळं लग्न ट्रंकेभोवती! शेवटी नवरीकडचे एक मामा विळा घेऊन आले. तेवढ्यात माय पुढं झाली आणि सरळ ट्रंकेवर बसली.

"दोरीला इळा लावून तर बघा. त्येंनी बांधलंय, त्येच सोडतील."

"विहीणबाई, मुहूर्त टळायलाय!"

"टळू द्या."

"लगीन लावून घिऊ. सुभेदार येतील की मागून."

"मंगळसूत्र माझ्या बुडाखाली हाय. लावा कसं लावतायसा ते."

यावर भटजींना एकदम आठवलं की दुपारी अजून एक मुहूर्त आहे.

मला मात्र खरंच रडू यायला लागलं. कपड्यांसाठी नाही. माझ्या बारशाला अप्पा कुठल्यातरी बर्फात होते. ताईच्या लग्नाला त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. आता घरच्या कार्याला यायला त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती, तर मीच त्यांना हुमनाबादला सोडून आलो होतो! आणि रडणाऱ्या नवरदेवाला रुमाल द्यायचा तर तोही ट्रंकेत.

एवढ्यात बाहेर कर्कश हॉर्न वाजला. तुरीची पोती भरलेली लॉरी मांडवाला टेकली होती. पोत्यांवर, धुळीनं केस पांढरे झालेले अप्पा! ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "फौजी साब, शादी मिल गई!"

मी धावत गेलो. अप्पा माझ्या बाजूनं सरळ पुढं गेले, मायपाशी. हातात सोड्याची बाटली होती.

"घे. मळमळायलंय का आजून?"

"आता बरं हाय," माय म्हणाली, आणि सगळ्या वऱ्हाडादेखत तिनं तो गरम, फसफस गेलेला सोडा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तोवर मी, नवरदेव, बाजूला ट्रॅकपँट सावरत उभा! मग अप्पांनी दोरीचं एक टोक ओढलं. गाठ गळून पडली.

"गाडी सोडायला कुनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

सगळ्या वऱ्हाडानं माझ्याकडं बोट दाखवलं. नवरीनंसुद्धा, आणि ती तर बसमध्ये नव्हतीच!

अप्पा जाऊन आता वर्ष होत आलं. घर अजून त्यांची वाट बघतं असं वाटतं, मला तर रोज वाटतं. वर्षश्राद्धाला त्यांच्या फोटोजवळ त्यांची पदकं ठेवायची ठरलं. पदकं ट्रंकेत. ट्रंकेला त्यांनी मारलेली शेवटची गाठ. सकाळभर झटून माझी बोटं सोलवटली, तेव्हा बायको कात्री घेऊन आली. मी ट्रंकेवर बसलो. "अप्पांची गाठ आहे. कापायची नाही!"

माय काठी टेकत आतून आली. "सरक," म्हणाली. तिनं एक टोक चाचपलं आणि ओढलं. गाठ गळून पडली.

"माय, तुला ही सुटत होती?"

"लगीन झाल्यापास्नं. त्येंनीच शिकीवलं."

"मग माझ्या लग्नात कामून सोडली न्हाईस?"

"सोडली असती तर त्येंच्यासाठी थांबला असतास व्हय? बस तरी थांबीवली व्हतीस का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिची नजर हळूहळू खाली गेली आणि तिच्या वडिलांसारखी तिथंच थांबली. मी ट्रॅकपँटमध्येच होतो. या वेळी निळी होती, तेवढीच काय ती प्रगती.