नोंदीतला देवमासा

सहा उन्हाळ्यांत बेरिंग समुद्राने पद्मजाला काय दिलं, तर पाठदुखी आणि धुकं. अलास्काच्या त्या पाण्यात मूठभरच उरलेल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांवर तिने सिअ‍ॅटलमध्ये पीएचडी केली. दुसऱ्यांनी टिपलेल्या आकड्यांवर प्रबंध उभा राहिला, पण देवमासा काही बाईंना दर्शन देईना. बाकीच्या जातींचे दिसले, पुष्कळ दिसले. हवा होता तो नाही. नागपूरहून तिचे वडील, शंकरराव, दर वर्षी फोनवर विचारत, "दिसला का गं?" २००७ची ही तिची शेवटची फेरी. सप्टेंबरात सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूच्या एका ऑफिसात नोकरीवर रुजू व्हायचं होतं. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

देवमाशांच्या पाहणीला निघालेल्या जहाजाच्या माथ्यावर तिघं बसत. दोघांच्या डोळ्यांना मोठ्या दुर्बिणी, मधला कंप्यूटरवर नोंदी करणारा. चाळीस मिनिटांनी जागा बदलायच्या. आधी नोंद, मग बाकी सगळं, हे नव्या पोरांच्या डोक्यात पद्मजानेच दर वर्षी ओरडून ओरडून भरलं होतं.

पाचव्या आठवड्यापर्यंत ती इतकी थकली, की धुक्याने काम थांबलं की तिला बरंच वाटे. त्या दुपारी ती मधल्या खुर्चीत होती. डाव्या दुर्बिणीवर पुण्याचा सत्यजित, पहिल्याच फेरीला आलेला विद्यार्थी. तो एकदम किंचाळला, "ताई, फवारा! व्ही शेप! राइट व्हेल आहे यार! लेफ्ट थर्टी!"

पद्मजाची बोटं चालू लागली. वेळ, कोन, अंतर, संख्या, वाऱ्याचा जोर. एकही आकडा चुकला नाही. मग तिने मान वर केली. पाणी सपाट होतं.

"काय शेपटी वर काढली ना, ताई! बघितलीस ना?"

जहाज तासभर तिथेच घुटमळलं, मग धुकं उतरलं. स्वतःच्या शिस्तीचा पद्मजाला इतका राग कधी आला नव्हता. रडायचंही त्राण नव्हतं.

बंदराला लागल्यावर तिने घरी फोन लावला. "बाबा, सापडला."

"अरे वा! कसा होता गं?"

"दुपारी चार सतरा. डावीकडे तीस अंश. अंतर दीड किलोमीटर. एकच होता."

"ते राहू दे. दिसायला कसा होता?"



"सत्यजितला विचारून सांगते, बाबा."